बंदर लागल्यावर

अर्ल स्टॅन्ली गार्डनरची ‘द केस ऑफ द सब्स्टिट्यूट फेस’ ही पेरी मेसनची कादंबरी १९३८ सालची. होनोलुलूहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेलं प्रवासी जहाज, सुट्टी संपवून परतणारा मेसन, बरोबर त्याची सेक्रेटरी डेला स्ट्रीट, आणि एका वादळी रात्री जहाजावरून नाहीसा झालेला माणूस. या पुस्तकावरून आमच्या घरात जुंपली. एका बाजूला माझी थोरली मेहुणी. अलिबागच्या जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली करण्यात तिचं आयुष्य गेलं. दुसऱ्या बाजूला माझा मुलगा, मालवाहू जहाजावर सेकंड मेट. सध्या रजेवर असल्यामुळे मावशीच्या कपाटातली पुस्तकं उपसणं हा त्याचा उद्योग.

मेसन मराठी वाचकाला परका नाही. स्टेशनवरच्या स्टॉलवर आणि सर्क्युलेटिंग लायब्रऱ्यांत त्याची पुस्तकं हातोहात जात. सुहास शिरवळकरांनी बॅरिस्टर अमर विश्वास उभा केला, तेव्हा कोर्टात उभं राहून रहस्य उलगडणारा नायक आपल्याकडेही रुळला. पण वकील आणि जहाज ही जोडी जरा वेगळी आहे. त्या दोघांचं बोलणं मी ऐकलं तसं लिहून काढलंय. गार्डनरनं शेवटी काय केलंय ते मात्र गाळलंय. ज्यांनी पुस्तक वाचलेलं नाही, त्यांचं नुकसान मी का करू?

भाचा: मावशी, जहाजावरची गोष्ट आहे असं तू म्हणालीस म्हणून मी हे घेतलं. आणि वाचतो तर काय, जहाज बंदराला लागतं आणि सगळी मंडळी सामान घेऊन थेट कोर्टात!

मावशी: मग खटला काय डेकवर चालवायचा होता?

भाचा: खटला कशाला हवाय मुळात? जहाज म्हणजे चारी बाजूंनी बंद जागा. बाहेरून कुणी येऊ शकत नाही, आतला कुणी पळू शकत नाही. खुनी तुमच्याच टेबलावर जेवतोय. रहस्यकथेला याहून चांगली जागा नाही. हाच प्रवास अर्ल डेर बिगर्सनं १९३०मध्ये ‘चार्ली चॅन कॅरिज ऑन’मध्ये केलाय. स्कॉटलंड यार्डचा इन्स्पेक्टर डफ चॅनच्या होनोलुलूतल्या कचेरीत गोळी लागून जखमी होतो. मारेकरी जगप्रवासाला निघालेल्या एका टोळक्यात आहे एवढंच माहीत. चॅन त्यांच्याबरोबर जहाजावर चढतो. सॅन फ्रान्सिस्को यायच्या आत माणूस सापडला पाहिजे, नाहीतर सगळे पांगणार. जहाज पुढे सरकतं तसा वाचकाचा श्वास अडकतो. तुझ्या गार्डनरला ते जहाज म्हणजे निव्वळ वेटिंग रूम वाटली.

मावशी: चॅन पोलीस आहे रे. पोलिसाला बंदर म्हणजे मुदत. त्याआधी त्याला नाव हवं. मेसनला नाव नकोय, त्याला अशील वाचवायचंय. आणि अशिलाचं संकट बंदर लागल्यावरच सुरू होतं. जहाजावर असेपर्यंत ती बाई फक्त विधवा असते. गँगवे खाली लागला की आरोपी होते.

भाचा: पण विधवा तरी आहे का? नवरा पाण्यात गेला हेही कुणी नीट पाहिलेलं नाही.

मावशी: अगदी बरोबर. आता तू वकिलासारखं बोलायला लागलास.

(इथे गोष्ट थोडी सांगायला हवी. कार्ल मोअर नावाचा एक साधा हिशेबनीस अचानक पैसेवाला होतो, आडनाव बदलून न्यूबेरी म्हणवून घेतो आणि बायकामुलीला घेऊन प्रवासाला निघतो. हे पैसे त्यानं आपल्या कंपनीतून लाटले असावेत, असं त्याच्या बायकोला वाटतं. मुलगी बेल हिच्या फोटोच्या चौकटीतून कुणीतरी तिचा फोटो काढून तिच्यासारख्याच दिसणाऱ्या एका सिनेनटीचा फोटो घालतो. धास्तावलेली बायको जहाजावर मेसनला गाठते. मग वादळ, आणि कार्ल बेपत्ता. खुनाचा आळ बायकोवर. जहाजावर आणखी एक गृहस्थ आहेत. मानेला जबर दुखापत झालेली, चाकाच्या खुर्चीत बसलेले, सोबत नर्स.)

भाचा: तो खुर्चीतला माणूस पाहिल्याबरोबर माझ्या मनात पाल चुकचुकली. रहस्यकथेत मान बांधलेला माणूस उगाच ठेवत नाहीत.

मावशी: शेवटाबद्दल बोलू नकोस, तुझे बाबा लिहून घेतायत. मला सांग, मेसनला केस कधी मिळाली?

भाचा: खून झाल्यावर.

मावशी: चुकलास. आधी. जहाजावरच, सगळं सुरळीत चाललेलं असताना ती बाई येऊन म्हणते, माझ्या नवऱ्यानं काहीतरी केलंय, मुलीचं नाव खराब होईल, मला वाचवा. हे गार्डनरनं वकिलीतून आणलंय. गुप्तहेराकडे लोक प्रेत घेऊन येतात. वकिलाकडे येतात ते भीती घेऊन, आणि बहुतेकदा जे सांगतात ते अर्धंच असतं. मी कोर्टात असताना दुपारच्या सुट्टीत बार रूमच्या दाराशी उभ्या राहिलेल्या बायका मला अजून आठवतात. नवऱ्याबद्दल काहीतरी विचारायचं असायचं, आणि सुरुवात मात्र जमिनीच्या मोजणीपासून. मोअरबाई तशीच आहे. तिच्या सांगण्यातली भोकं शोधायला मेसनला वेळ हवा. तो वेळ त्याला जहाज देतं. कचेरीत असता तर फोन वाजत राहिला असता. इथे त्याच्यासाठी तपास करणारा खाजगी गुप्तहेर पॉल ड्रेक जमिनीवर, पोलीस जमिनीवर, आणि त्याच्यापुढे फक्त एक बाई आणि तिची अर्धी गोष्ट.

भाचा: ठीक आहे, एवढं मान्य. पण मग माणूस पाण्यात पडल्यावर तरी जहाजाची गोष्ट सांग ना! तुम्हा लोकांच्या कादंबऱ्यांत कुणीतरी ‘मॅन ओव्हरबोर्ड’ ओरडतं, घंटा वाजते, जहाज थांबतं. जहाज असं थांबत नाही, मावशी. वीस नॉटनं चाललेलं जहाज मिनिटाला सहाशे मीटर जातं. कुणी पाहिलं, धावत ब्रिजवर फोन केला, अधिकाऱ्याला खरं वाटलं, यात तीन मिनिटं गेली तरी तो माणूस जवळजवळ दोन किलोमीटर मागे. रात्र, वादळ, आणि पाण्यात नारळाएवढं डोकं. आज आम्ही विल्यमसन टर्न घेतो. सुकाणू पूर्ण एका बाजूला टाकायचं, दिशा साठ अंशांनी बदलली की पूर्ण दुसऱ्या बाजूला, म्हणजे जहाज फिरून बरोबर आपल्याच मागच्या वाटेवर उलटं येतं. रात्री माणूस दिसेनासा झाला असेल तेव्हा हा उपाय कामाला येतो. पण ही युक्ती दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रुळली. १९३८च्या कप्तानाला ती शिकवलेली नव्हती.

मावशी: म्हणजे तुझ्याच हिशेबानं प्रेत मिळणार नाही.

भाचा: जवळजवळ नाहीच.

मावशी: मग सरकारी वकिलाची पंचाईत बघ. आणि याच पंचाईतीवर कादंबरी उभी आहे. म्हणून तिला जहाज हवं होतं, जेवणाच्या टेबलासाठी नव्हे. समुद्र म्हणजे असं ठिकाण, जिथे मुद्देमाल बुडतो.

भाचा: कादंबरीत ठीक आहे. खऱ्या कोर्टात प्रेताशिवाय खुनाची केस उभी राहील?

मावशी: राहते. गार्डनरच्या पुस्तकानंतर नऊ वर्षांनी हे प्रत्यक्ष घडलं. ऑक्टोबर १९४७. ‘डर्बन कॅसल’ केप टाउनहून साउदॅम्प्टनला निघालेलं. गे गिब्सन नावाची तरुण नटी आपल्या केबिनमधून नाहीशी झाली. पहाटे तीनच्या सुमारास तिच्या केबिनची घंटा वाजली. रात्रपाळीचा माणूस गेला, तर आत जेम्स कँब नावाचा डेक स्टुअर्ड, आणि त्यानं दार लावून घेतलं. सकाळी ती कुठेच नाही. कप्तानानं जहाज मागे फिरवून शोधलं.

भाचा: आणि काही मिळालं नाही.

मावशी: काहीच नाही. बिनतारी यंत्रणेवरून किनाऱ्यावर कळवलं. इंग्लंडजवळ पोचल्यावर पोलीस चढले. कँब आधी म्हणाला, मी त्या केबिनमध्ये गेलोच नव्हतो. मग म्हणाला, ती माझ्याबरोबर असताना झटका येऊन मेली, मी घाबरलो आणि तिला पोर्टहोलमधून बाहेर ढकललं. त्याच्या हातावर ओरखडे होते, उशीवर रक्तमिश्रित लाळेचे डाग होते. मार्च १९४८मध्ये विंचेस्टरला ज्युरीनं त्याला दोषी ठरवलं. फाशीची शिक्षा झाली. पण त्याच वेळी ब्रिटिश संसदेत फाशीच्या शिक्षेवर वाद चालला होता, त्यामुळे तो वाचला. १९५९मध्ये बाहेरही आला. कँबला वाटलं असणार, प्रेत नाही तर खटला नाही. बऱ्याच जणांना असंच वाटतं.

भाचा: आपल्याकडे?

मावशी: आपल्याकडेही तोच नियम. रामानंद खटल्यात १९८१ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगून टाकलं की प्रेत मिळालंच पाहिजे अशी अट नाही, मृत्यू झाला हे इतर पुराव्यानं खात्रीलायक सिद्ध व्हायला हवं. आणि आपल्या मुंबई राज्यातला लागू खटला तर मी ज्युनिअर असताना पाठच केला होता. नोव्हेंबर १९५६. पुण्याच्या लक्ष्मीबाई कर्वे, पैसेवाल्या विधवा. डॉक्टर अनंत लागू त्यांना रात्रीच्या गाडीनं मुंबईला घेऊन निघाला. पोचल्या त्या बेशुद्ध. हॉस्पिटलमध्ये त्यानं त्यांचं नावच दुसरं सांगितलं. त्या गेल्या, आणि पुढे त्यांच्या नावानं पत्रं येत राहिली की मी लग्न करून लांब गेलेय, काळजी करू नका.

भाचा: हे तर तुझ्या पुस्तकासारखंच झालं. खोटं नाव, बदललेला माणूस.

मावशी: पुस्तकासारखं काय म्हणतोस! पुस्तक याच्यापुढे फिकं आहे. शवविच्छेदनात विष सापडलं नाही, तरी परिस्थितीजन्य पुराव्यावर सर्वोच्च न्यायालयानं फाशी कायम केली. तिथे समुद्र नव्हता, मुंबईचं हॉस्पिटल होतं. खुनी माणसाला जे हवं असतं ते समुद्रच देतो असं नाही. जिथे कुणी कुणाला ओळखत नाही अशी कुठलीही जागा त्याला चालते. प्रवास ही तशी जागा. गार्डनरचा कार्ल मोअर आडनाव बदलून जहाजावर चढतो तो का? गावात कुणी आडनाव बदलून दाखव बरं!

(मी मध्ये बोललो नाही. पण रहस्यकथाकारांना आगगाडी आणि जहाज एवढं का आवडतं, याचं इतकं साधं कारण मी कुठे वाचलेलं नव्हतं.)

भाचा: बरं, मग खटला कुठे चालणार ते सांग. माझं जहाज लायबेरियात नोंदलेलं. क्रू आपला. समज, मी भर समुद्रात बोसनला ढकललं...

मावशी: आधी बोसनला विचार. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जुन्या कलम १८८ खाली, भारतीय नागरिकानं समुद्रावर किंवा परदेशात गुन्हा केला तर त्याला इथे आणून खटला चालवता येतो, फक्त केंद्र सरकारची परवानगी लागते. नव्या संहितेतही तेच आहे. लायबेरियाही म्हणेल, आमचा झेंडा, आमचा कायदा. तुझ्यावर दोन-दोन देश हक्क सांगतील. तुझ्या आईला काय ते सांग आधी.

भाचा: विनोद सोड. माझा खरा आक्षेप दुसराच आहे. मला तुझा मेसनच पटत नाही. हा माणूस सत्य शोधतो असं सगळे म्हणतात. मला तो लबाड वाटतो. ‘काउंटरफिट आय’मध्ये काचेच्या डोळ्यांची नक्कल करून घेतो, पुराव्याची सरमिसळ करतो. साक्षीदारांना लपवतो, दुसऱ्याच माणसाला पुढे करतो. चार्ली चॅन असलं काही करत नाही.

मावशी: मी मेसनसारखी वागले असते तर माझी सनद पहिल्याच वर्षी गेली असती. त्यात वाद नाही. सुरुवातीच्या, म्हणजे १९३३ पासूनच्या पुस्तकांतला मेसन तर निव्वळ गुंड आहे. नंतर तो टेलिव्हिजनवर आला, त्याच्या भूमिकेत रेमंड बर आला, १९५७ ते १९६६, तेव्हा त्याला इस्त्री झाली. हे पुस्तकही त्यांनी १९५८मध्ये दाखवलं. पण ती लबाडी कुठून आलीय ते बघ. गार्डनर कायद्याच्या कॉलेजात टिकलाच नाही, थोड्याच दिवसांत बॉक्सिंगच्या भानगडीतून बाहेर पडला. कचेऱ्यांत काम करत स्वतः अभ्यास केला आणि १९११ला कॅलिफोर्नियात वकिलीची परीक्षा पास झाला. ऑक्सनार्डमध्ये बसला. अशील कोण? गरीब मेक्सिकन आणि चिनी. त्याचा एक किस्सा सांगतात. लॉटरीची तिकिटं विकल्याबद्दल गावातल्या चिन्यांच्या अटकेची वॉरंटं निघाली. गार्डनरला सुगावा लागला. त्यानं सगळ्यांच्या जागा बदलल्या. लाँड्रीवाला किराणा दुकानात, दुकानदार लाँड्रीत. पोलीस आले, आणि ज्याच्या दुकानात जो उभा होता त्याला त्या मालकाच्या नावानं उचलून नेलं. सगळे खटले फसले. का? कारण त्या पोलिसांना चिनी माणसाचा चेहरा वेगळा दिसतच नव्हता.

भाचा: चेहऱ्यांची अदलाबदल!

मावशी: हो. पुढे पुस्तकात तो फोटो बदलतो, आडनाव बदलतो. पण मूळ कुठे आहे बघ. पोलीस माणूस पाहत नाहीत, वॉरंटावरचं नाव पाहतात. आता सांग, लबाड कोण?

भाचा: दोघंही.

मावशी: (हसून) हे उत्तर मी न्यायाधीश असते तर लिहून घेतलं असतं.

भाचा: आणि ते शेवटचं काय? दर पुस्तकात कुणीतरी पिंजऱ्यात उभं राहून रडत कबुली देतं. ते तुला पटतं?

मावशी: मुळीच नाही. इतक्या वर्षांत माझ्यापुढे एकही माणूस असा ढासळला नाही. आपल्याकडे साक्षीच्या शेवटी बचावाचा वकील एकेक सूचना करत जातो, आणि साक्षीदार शांतपणे सांगत जातो, ‘मी खोटी साक्ष देत आहे हे म्हणणे खरे नाही.’ कारकून टाइप करतो, साक्षीदार सही करतो, पाणी पिऊन घरी जातो. आणि गंमत सांगू? एखाद्यानं साक्षीत कबुली दिलीच, तरी आपल्या पुरावा कायद्यात वेगळीच अडचण आहे. साक्षीदाराला उत्तर द्यायला भाग पाडलं, तर ते उत्तर त्याच्याविरुद्ध खटल्यात वापरता येत नाही, खोट्या साक्षीचा खटला सोडून. जुनं कलम १३२. म्हणजे मेसनची सगळ्यात मोठी कमाई अलिबागला आणली तर ती फाइलमध्ये पडून राहील.

भाचा: मग त्या कोर्टात तुला एवढं काय आवडतं?

मावशी: एक म्हणजे, बहुतेक पुस्तकांत तो ज्युरीपुढचा खटला नसतोच. ती प्राथमिक सुनावणी असते. फिर्यादी पक्षाकडे खटला चालवण्याजोगं काही आहे का, एवढंच मॅजिस्ट्रेट बघतो. आपल्याकडे १८९८च्या संहितेत अशी कमिटलची चौकशी असायची, साक्षीदार तपासायचे. १९७३च्या संहितेनं ती काढून टाकली. गार्डनर मुरलेला वकील होता, म्हणून त्यानं ही जागा निवडली. भाषणं नाहीत, ज्युरीची मनधरणी नाही, नुसती उलटतपासणी. आणि दुसरं म्हणजे, तुझं जहाज कोर्टात परत येतं. तू म्हणतोस जहाज संपलं. ते संपत नाही. साक्षीदाराच्या तोंडून पुन्हा उभं राहतं, पण वेगळं. डेकची लांबी किती, दिवा कुठे होता, कोण कुठे उभं होतं. वादळाच्या रात्री जे भव्य वाटलं होतं, ते दिवसाउजेडी फुटपट्टीनं मोजलं जातं. दाखवू?

भाचा: दाखव.

मावशी: तू साक्षीदार. शपथ झाली समज. तुझी वॉच कुठली?

भाचा: बारा ते चार. सेकंड मेटची तीच.

मावशी: त्या रात्री हवा?

भाचा: वारा फोर्स आठ. जोराचा पाऊस.

मावशी: सरतपासणीत सांगितलंत, ब्रिजच्या विंगवरून मागे पाहिलं तेव्हा बोट डेकच्या रेलिंगपाशी एक पुरुष आणि एक बाई दिसली, आणि बाईनं पुरुषाला ढकललं.

भाचा: हो.

मावशी: ब्रिजवर रात्री उजेड असतो?

भाचा: नाही. डोळे अंधाराला सरावलेले राहावेत म्हणून दिवे घालवून ठेवतो.

मावशी: बोट डेकवर?

भाचा: तिथे प्रवासी फिरतात. दिवे असतात.

मावशी: ते दिवे भिंतीवर. म्हणजे रेलिंगपाशी उभ्या असलेल्या माणसांच्या मागे.

भाचा: तुमच्याकडून पाहिलं तर तसं नाही, पण विंगवरून... हो, जवळपास मागेच.

मावशी: म्हणजे चेहरे दिसले नाहीत.

भाचा: आकृती दिसल्या.

मावशी: अंगावर काय होतं?

भाचा: रेनकोट.

मावशी: दोघांच्याही?

भाचा: दोघांच्याही.

मावशी: पोलिसांना तुम्ही जबाब दिलात. त्यात ‘दोन व्यक्ती’ असं लिहिलंय. ‘बाई’ शब्द कुठे आहे?

भाचा: ...मी सांगितलं असेल, त्यांनी लिहिलं नसेल.

मावशी: जबाब दिला तेव्हा त्याच्या बायकोला अटक झालेली होती का?

भाचा: नव्हती.

मावशी: ‘बाई’ दिसली ती अटकेनंतर. बरं. अंतर?

भाचा: साठ-सत्तर मीटर धर.

मावशी: त्या आकृतीचा हात पुढे गेला.

भाचा: हो. ढकलायला.

मावशी: जहाज हेलकावे खातंय. एक माणूस रेलिंगवरून तोल जाऊन जातोय. दुसरा त्याला पकडायला झेपावतो. त्याचा हात कुठल्या दिशेला जाईल?

भाचा: ...पुढेच.

मावशी: सत्तर मीटरवरून, मुसळधार पावसात, मागून उजेड असताना, ढकलणारा हात आणि धरायला गेलेला हात यांतला फरक तुम्हाला दिसला, असं तुमचं म्हणणं आहे?

(माझ्या मुलानं बराच वेळ काही उत्तर दिलं नाही. तो रोज रात्री समुद्राकडे बघत उभा राहणारा माणूस आहे. तिथे आपल्याला काय दिसतं याबद्दल त्याला इतकी शंका बहुधा कुणी घ्यायला लावली नसावी.)

भाचा: नाही. फरक दिसला नसता.

मावशी: एवढंच. आता तुझ्या बंद जहाजावरच्या गुप्तहेराला विचार, त्यानं हे विचारलं असतं का? त्याला पाहिलेल्या माणसाचं पाहिलेलं खरं धरावं लागतं, नाहीतर तो पुढे सरकूच शकत नाही. वकिलाचं कामच पाहिलेल्यावर शंका घेण्याचं. म्हणून म्हणते, जहाज हे पुस्तकात नुसतं ठिकाण नाही. ते साक्ष आहे. आणि साक्ष तपासायला कोर्ट लागतं.

भाचा: हे पटलं. पण मग एक विचारतो. समज, त्या बाईनं खरंच ढकललं असेल तर?

मावशी: मग सरकार पक्षानं बरा साक्षीदार आणावा.

भाचा: नाही मावशी, यातून सुटू नकोस. तुझ्या गार्डनरनं तरी हा प्रश्न घेतलाय का? मेसनचं अशील नेहमी निर्दोष निघतं. वाचकाला कधीच कळत नाही की दोषी माणसाला सोडवताना वकिलाला काय वाटतं. तुझी उलटतपासणी छान आहे, पण तिचा खरा कस लागतो तो अशील खोटं असताना. गार्डनर प्रत्येक वेळी तिथून पळ काढतो. चॅननं निदान खरा खुनी पकडला, त्याचं उत्तर चुकू शकतं. मेसनचं कधी चुकतच नाही. मग मी त्याच्या युक्त्या का माफ करू?

मावशी: (थांबून) हो. तिथे तो पळाला. हे मी आधीच म्हणायला हवं होतं. ऐंशीच्या वर पुस्तकं, आणि त्या प्रश्नाला त्यानं पाठच दाखवली. असं नाही की त्याला ठाऊक नव्हतं. कारखान्यासारखं लिहायचा, सेक्रेटऱ्यांना तोंडी सांगायचा, वर्षाला तीन-चार पुस्तकं सहज व्हायची. लोकांना निर्दोष अशील हवं होतं, त्यानं ते पुरवलं. मी मात्र अशी माणसं सोडवलीत ज्यांच्याबद्दल मला खात्री नव्हती. एक-दोघांबद्दल तर उलट खात्री होती. पुरावा नव्हता, सुटले. रात्री झोप लागली का, असं विचारू नकोस, लागली. कारण पुरावा नसताना एकाला आत टाकायची सवय लागली, तर तो साक्षीदार पुढच्या वेळी कुठल्याही ‘बाई’ला ओळखेल. पण ही गोष्ट कादंबरीत घालायला गार्डनर धजावला नाही.

भाचा: म्हणजे हरलीस.

मावशी: पुस्तकापुरती. पुस्तकाबाहेर त्यानं काय केलं तेही ऐक. १९४८मध्ये त्यानं ‘आर्गसी’ मासिकाच्या मदतीनं ‘कोर्ट ऑफ लास्ट रिझॉर्ट’ सुरू केलं. ज्यांचे सगळे अपील संपलेत, जे तुरुंगात सडतायत, त्यांच्यातले खरोखर निर्दोष कोण हे नव्यानं तपासायचं. तिथे शेवटच्या प्रकरणात सत्य हातात पडत नाही. साक्षीदार मेलेले, कागद हरवलेले, वर्षं उलटलेली. त्यावर त्यानं पुस्तक लिहिलं, १९५२मध्ये. त्याला सत्यकथेचं एडगर पारितोषिक मिळालं. मेसननं कधी मिळवलं नाही असं यश.

भाचा: आणि ती चौकशी गार्डनर एकट्यानं करायचा?

मावशी: कसा करेल? न्यायवैद्यकाचा जाणकार लीमॉइन स्नायडर होता, रेमंड शिंडलर नावाचा नावाजलेला खाजगी गुप्तहेर होता, लाय डिटेक्टर चालवणारे होते.

भाचा: म्हणजे शेवटी गुप्तहेर लागलाच की!

मावशी: लागला ना. पण वकिलानं बोलावल्यावर.